ताईंचा गोडा मसाला सॉफ्टवेअरमध्ये भरताना

आमच्याकडे कॉम्प्युटरची नवी सिस्टीम आणायचं खूळ माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारा प्रत्येक जण असं धरून चालतो की सत्तरी ओलांडलेल्या बाईने विरोध केला असेल आणि धाकटीने हट्टाने ती आणली असेल. झालं उलट. विरोध मी केला, आणि चांगला घसा बसेपर्यंत केला.

आमचा मसाल्यांचा धंदा आहे. वारज्याच्या पुढे एक पत्र्याची शेड, भाजायच्या मोठ्या कढया, कांडप यंत्र, पॅकिंगचं टेबल आणि कामाला आठ-दहा बायका. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, दोन-तीन चटण्या, एवढाच पसारा. सुरुवात ताईंनी केली, कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत. ताई म्हणजे जाऊबाई. मी त्यांना ताईच म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी नुकतीच लेखी तक्रार दिली होती, की आपल्या भाजण्यामुळे वरच्या मजल्यावर ठसका लागतो. ताईंनी त्याच कागदात मसाल्याची पुडी बांधून त्यांच्या घरी पाठवली आणि निरोप दिला, ठसका उगाच फुकट जायला नको, आमटीत घाला. सेक्रेटरींच्या मिसेस पुढच्या आठवड्यात पाव किलो न्यायला आल्या. मी नवी सून, भिंतीआड उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होते. तेव्हापासून ही बाई मला आवडायला लागली.

पुढे कामं आपोआप वाटली गेली. खरेदी यांच्याकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे. फोन, बिलं आणि माल पाठवणं माझ्याकडे. ताईंचे मिस्टर, आमचे भाऊजी, होते तोवर बँकेचं बघायचे. ते गेल्यावर तेही माझ्याकडे आलं. ताईंना मूलबाळ नाही. आमची दारं समोरासमोर, जेवण एकत्र. आणि मसाला? मसाला म्हणजे फक्त ताई.

तो कसा व्हायचा ते सांगायला हवं. धने, सुकं खोबरं, तीळ हा मोठा ऐवज बाहेर बायका वजन करून घेत आणि भाजत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण गोड्या मसाल्याचा जीव असतो तो बारीक जिनसांत. लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, शहाजिरं, आणखी काय काय. ते किती घ्यायचं, हे ताई रोज सकाळी आतल्या खोलीत दार लावून ठरवायच्या. एक स्टीलचा डबा भरायचा, बाहेर आणून द्यायचा, तो कढईत रिकामा व्हायचा. दार लावायचं कारण असं, की फार पूर्वी आमच्याकडच्या एका बाईने सगळं शिकून घेतलं आणि मागच्याच गल्लीत स्वतःचा मसाला काढला, वेष्टनाचा रंगसुद्धा तोच. तेव्हापासून दार लागलं ते लागलंच. माझ्यासाठीसुद्धा. मी एकदाच विचारलं होतं, "ताई, मला तरी सांगून ठेवा." त्या म्हणाल्या, "तुला कशाला? मी कुठे चाललेय?" मला ते लागलं. मीही मानी, पुन्हा म्हणून विचारलं नाही.

आणि अशी ही बाई एका दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाली, "आपण ती सिस्टीम घेऊ या. मोठ्या दुकानांना लागते ना, ती." आमचे हे बशीतला चहा सांडेपर्यंत बघत राहिले. मोठी दुकानं मागत होती हे खरं होतं. प्रत्येक पाकिटाचा बॅच नंबर हवा, कुठल्या पोत्यातले धने कुठल्या दिवशी वापरले ते सांगता यायला हवं. पण ताईंनी आजवर मोठ्या दुकानांना भीक घातली नव्हती. मी म्हटलं, "आपलं बरं चाललंय. खर्च कोण करणार? शिकणार कोण? मी पन्नाशीत आता माऊस धरू?" ताई म्हणाल्या, "धर. उंदराला भिऊन चालायचं नाही." बायका हसल्या आणि विषय तिथे संपला, म्हणजे ताईंच्या मनासारखा झाला.

सिस्टीमवाल्या कंपनीने एक मुलगी पाठवली. अमरावतीकडची, कोथरूडमध्येच पेइंग गेस्ट राहायची, स्कूटरवरून यायची. दसऱ्याला नव्या पद्धतीने काम सुरू करायचं ठरलं होतं, आणि त्याआधी धंदा 'तयार' करायचा होता. तयार करायचा म्हणजे काय, हे मला त्या मुलीने समजावलं. मशीनला एका वस्तूचं एकच नाव चालतं. आमच्याकडे खोबऱ्याला यांच्या बिलात 'वाटी', माझ्या लेखी 'सुकं खोबरं', बायकांच्या तोंडी 'गोटा' आणि वखारवाल्याच्या चिठ्ठीत त्याचं भलतंच काहीतरी. चौघांचं एक करायचं. मग प्रत्येक मालात काय काय किती जातं ते भरायचं, कोण भाजतं, कोण तपासतं, कोण मंजूर करतं तेही भरायचं. मला वाटलं होतं कॉम्प्युटर येऊन काम करणार. इथे आपणच त्याला जेवायला वाढायचं होतं, तेही एकेक घास नाव सांगून.

मी रोज भांडले त्या पोरीशी. भाजणीत जेवढी डाळ तेवढीच जाते, त्यात 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' कशाला हवं? भाजताना वजन घटतं ते मी आधीच कसं सांगू, मी काय ज्योतिषी आहे? ती शांतपणे म्हणायची, "काकू, तुम्ही रागावता काहून? एकदाच भरायचं आहे." आणि खरंच भरलं की झालं. मेतकूट झालं, भाजणी झाली, चटण्या झाल्या, ते सगळं मला पाठ होतं. गोडा मसाला तेवढा राहिला.

मुलगी ताईंकडे गेली. विचारलं, मोठ्या काकू, धने किती वेळ भाजायचे? ताई म्हणाल्या, "धन्यांना विचार. झालं की ते स्वतः सांगतात." लवंग किती? "तुझ्या कॉम्प्युटरला दाढदुखी असेल तर जास्त, नाहीतर बेताची." दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर, "आज अमावास्या आहे. अमावास्येला मसाला सांगत नाहीत." अमावास्या नव्हतीच. आम्ही सगळ्या हसून लोटपोट. मला तर मनातून उकळ्या फुटत होत्या, की बघा, म्हटलं होतं ना, आणा सिस्टीम. आता स्वतःच दाद देत नाहीत. ताईंचं बोलणं पहिल्यापासून असंच. साधं उत्तर त्यांनी जन्मात कुणाला दिलं नाही, अगदी डॉक्टरलाही नाही. त्यामुळे त्या उत्तरांमागे उत्तर नाही, अशी शंका आमच्यापैकी एकीलाही आली नाही. पुण्यातल्या घरात कुणी तिरकं बोललं तर माणूस ठणठणीत आहे असंच आपण समजतो.

शेवटी पोरीने युक्ती काढली. मोठ्या काकूंनी काही सांगायचंच नाही. त्यांनी डबा भरावा; आपण आधी आणि नंतर बरण्यांचं वजन करू, फरक येईल तो त्यांचा हिशेब. ताई म्हणाल्या, "हं. ये उद्या." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोलीचं दार उघडलं आणि त्या परक्या पोरीला आत घेतलं. मी बाहेर पॅकिंगच्या टेबलाशी उभी. इतकी वर्षं मी त्यांच्या ताटात ताट लावून जेवले, भाऊजी गेले तेव्हा महिनाभर त्यांच्या शेजारी झोपले, आणि मला ते दार कधी उघडलं नव्हतं. मला इतका राग आला, की त्या दिवशी फोनवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा मी पाणउतारा केला.

फोनचंही सांगते. त्या वर्षी तक्रारी येत होत्या. फार नाही, पण जुन्या लोकांच्या. नळ स्टॉपजवळच्या एक बाई म्हणाल्या, "मसाला बदललात का हो?" मी म्हटलं, "आम्ही नाही बदलला. तुम्ही डाळ बदललीत का ते बघा." एका आजोबांना सांगितलं, वयाप्रमाणे जीभ बदलते. फोन ठेवला की बायकांना ते किस्से रंगवून सांगायचे. ताई ऐकायच्या. हसायच्या नाहीत, पण मला तेव्हा ते जाणवलं नाही.

चार-पाच दिवसांनी ती मुलगी माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, मोठ्या काकूंची वजनं जुळत नाहीत." मी तोफ डागली. म्हटलं, "हाताला अंदाज असतो, बाई. दगडफूल कधी कोवळं असतं, कधी जून. लवंग कधी तेलकट, कधी कोरडी. त्याप्रमाणे हात कमीजास्त होतो. तुमच्या काट्याला ते कसं कळणार?" बोलताना मला चांगलं स्फुरण चढलं होतं. सगळा धंदाच जणू मी त्या वाक्यांत वाचवत होते. ती माझं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "कमीजास्त असतं तर चाललं असतं काकू. नागकेशर एकाच दिवशी पडलं. बाकीच्या दिवशी पडलंच नाही. आणि परवा लवंग दोनदा घातली. घातली, बरणी ठेवली, मग परत काढली आणि परत घातली. मी बोलले नाही."

माझ्या हातातलं पाकिटं चिकटवायचं मशीन गरम होतं. मी ते बंद केलं. पोरीला म्हटलं, हे कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "नाही सांगत." मग म्हणाली, "मला त्या रोज विचारतात, तू कुठली. रोज." आणि डोळे पुसून स्कूटरची किल्ली शोधायला लागली. मी तिला चहा दिला नाही, बस म्हटलं नाही. मला कोणाशीच बोलायचं नव्हतं. नळ स्टॉपच्या बाई, ते आजोबा, एकेक जण डोळ्यांसमोर आला. त्यांना बरोबर कळलं होतं आणि मी त्यांनाच चार शब्द सुनावले होते.

यांना सांगितलं. ते म्हणाले, "वय झालंय, होतं असं." मग न जेवताच उठले. वहिनी त्यांना आईसारखी. त्यांची मुंज झाली तेव्हा ताई या घरात नवी सून होत्या.

गुरुवारी आमच्या भागातल्या शेडना सुट्टी असते. त्या गुरुवारी सकाळी ताई दारात उभ्या. "चल," म्हणाल्या, "शेडवर जायचंय." मी म्हटलं, आज बंद आहे, ताई. मला वाटलं वार विसरल्या. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला गुरुवार आहे ते. म्हणूनच म्हणतेय."

रिक्षाने गेलो. बंद शेडमध्ये माणूस नसलं की मसाल्याचा वास जास्त येतो. ताईंनी सरळ आतल्या खोलीचं दार उघडलं आणि म्हणाल्या, "ये." मी उंबऱ्यावर थबकले. त्या म्हणाल्या, "ये गं. आता काय पाटावर बसवून हळदीकुंकू देऊ?"

खोलीत काहीच नव्हतं. फळीवर ओळीने बरण्या, एक स्टूल, एक खिडकी. इतकी वर्षं मी काय कल्पना केली होती कुणास ठाऊक. ताई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "त्या पोरीने तुला सांगितलं. तुझ्या तोंडावर दिसतंय. दोन दिवस झाले, तू माझ्याशी भांडली नाहीस."

मी काहीतरी सारवासारव करायला गेले. त्यांनी हात वर केला. "मला आधीपासून कळत होतं. मागच्या वर्षी कर्वे पुतळ्याच्या चौकात रिक्षावाल्याने विचारलं, कुठे वळू. मला सांगता येईना. आपलं घर, गं. मी त्यालाच म्हटलं, रस्ते माहीत नसतील तर रिक्षा कशाला चालवता? तो बिचारा ओशाळला, त्याने दोघांना विचारून मला घरी सोडलं." त्या हसल्या. मला हसू येईना. "डॉक्टरकडे गेले होते एकटी. गोळ्या दिल्यात. त्या घ्यायच्या लक्षात राहतात, हीच गंमत."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस?" त्या म्हणाल्या. आवाज कडक नव्हता. "सिस्टीम कशाला आणली वाटतं तुला? मोठ्या दुकानांसाठी? मला कुणीतरी विचारणारं हवं होतं. बसून, एकेक, न कंटाळता. लवंग किती, दालचिनी किती. तू विचारणार नाहीस, मला माहीत होतं. मी एकदा तुला तोडलं, आणि तू एकदा रुसलीस की जन्मभर रुसतेस. आणि मी आपणहून सांगायला जाणं, ते काही मला जमलं नसतं. म्हटलं, मशीन विचारेल. डोक्यात आहे तोवर बाहेर काढून ठेवू." मग त्या फळीकडे बघत म्हणाल्या, "उशीर झाला जरा."

मी खाली फरशीवर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. ताई म्हणाल्या, "पुरे. दगडफुलाला ओल लागेल."

तिथून आमचे गुरुवार सुरू झाले. दसऱ्याला अजून अवकाश होता. ताईंच्या हाताचा भरवसा उरला नव्हता, पण माझ्या जिभेला तो मसाला माहीत होता. रोज दोन्ही वेळा तोच खाल्लेला. ठरलं असं, की ताई आठवेल तसा डबा भरतील, मी वजन करीन, थोडासाच भाजून कुटायचा आणि तिथेच शेगडीवर चिंचगुळाची आमटी करून बघायची. ती पोरही सुट्टीच्या दिवशी यायला लागली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. कोपऱ्यात बसून ती वजनं भरायची आणि आमटी प्यायची.

पहिल्या खेपेला लवंग पुढे आली. दुसऱ्या खेपेला दालचिनीने सगळं गोडमिट्ट केलं. हळूहळू जवळ येत गेलो. मी म्हणायचे, "ताई, रंग आला, पण मागचं काहीतरी येत नाही." कारण ताईंच्या आमटीचा घोट गिळला, की मागाहून घशाशी एक किंचित कडवट, सुगंधी काहीतरी यायचं. त्याला नाव देता येणार नाही असं होतं. ते आलं की दुसरा भात घ्यावासा वाटायचा. ताईंनाही ते आठवत होतं. "हो, हो, तेच," म्हणायच्या, आणि बरण्यांवरून हात फिरवायच्या. नागकेशर वाढवून पाहिलं. दगडफूल तेलात तळून पाहिलं, कोरडं भाजून पाहिलं. आधी काय भाजायचं आणि नंतर काय, ते उलटसुलट करून पाहिलं. कदाचित ते कुठल्या जिनसेत नव्हतंच, भाजण्याच्या क्रमात होतं, किंवा बरणीत एक रात्र मुरण्यात. ताई एकेका बरणीचं झाकण उघडून वास घ्यायच्या आणि डोळे मिटून थांबायच्या. कधी कधी इतका वेळ थांबायच्या, की त्या काय शोधत होत्या तेच त्यांच्या हातून निसटलेलं असायचं. मग मला विचारायच्या, "काय बघत होतो गं आपण?" मी सांगायचे. मला त्या प्रश्नाची धास्ती बसली होती.

तरी ते दिवस वाईट होते असं मला म्हणवत नाही. दार उघडं होतं. ताई मध्येच भाऊजींच्या गोष्टी सांगायच्या, की पहिला मसाला त्यांच्यामुळे ऑफिसात गेला, डब्यातल्या आमटीच्या वासाने. त्या गोष्टी त्यांना लख्ख आठवत होत्या, अगदी भाऊजींच्या शर्टाच्या रंगासकट. तसाच मसालाही कुठेतरी लख्ख असेल आणि एखाद्या गुरुवारी हाताला लागेल, असं मला रोज वाटायचं.

दसरा तोंडावर आला. बाकी सगळी तयारी झाली होती. नावं एक झाली, पोत्यांना चिठ्ठ्या लागल्या, बायकांना काटा मशीनला जोडून कसं वापरायचं ते आलं, मीसुद्धा माऊस धरायला शिकले. फक्त गोड्या मसाल्याचं पान मोकळं. ते भरल्याशिवाय सुरू करता येत नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी जी आमटी झाली, ती चांगली झाली. खरंच चांगली. पोर दोन वाट्या प्यायली. ताईंनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी घोट घेतला. सगळं होतं, धने होते, खोबरं होतं, लवंगेचा चटका होता. मागचं ते आलं नाही. मी गिळून वाट बघत राहिले, आणि नाही आलं.

ताई म्हणाल्या, "नाही ना झाला?"

जन्मभर मी या बाईशी तोंडाला तोंड देऊन भांडले, पण त्या क्षणी 'झाला' म्हणून मोकळं व्हावं असं फार वाटलं. त्यांना बरं वाटलं असतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांनी मला इतक्या उशिरा का होईना, दार उघडलं होतं. मी म्हटलं, "नाही, ताई. जवळ आहे. पण तो नाही."

"मलाही नाही वाटला," त्या म्हणाल्या. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "हाच भरा. लोकांना चालेल. चांगला आहे."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने आकडे भरले. शेवटी मंजुरीचा रकाना होता, त्यात ताईंचं नाव घालायचं हे आधीच ठरलेलं. तिने लॅपटॉप ताईंपुढे धरला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. ताईंनी बोट पुढे केलं आणि मध्येच थांबल्या.

मला म्हणाल्या, "तो वेगळा होता, हे आज आपल्या दोघींना माहीत आहे. काही दिवसांनी तुला एकटीलाच राहील. चालेल ना तुला?"

मी चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. त्यांनी बटण दाबलं.

आता सिस्टीम चांगली चालते. मोठ्या दुकानांत आमची पाकिटं असतात, प्रत्येकावर बॅच नंबर असतो, आणि रोजचा मसाला कालच्यासारखाच होतो, एका गुंजेचा फरक नाही. नवे लोक फोन करून छान आहे म्हणतात. ती पोर चांगली जागा मिळून दुसऱ्या कंपनीत गेली, दिवाळीला येऊन ताईंच्या पाया पडून गेली. ताईंनी तिला विचारलं, तू कुठली. ताई आता शेडवर येत नाहीत. कधी मला माझ्या नावाने ओळखतात, कधी आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. मी दोन्हींना ओ देते.

परवा दुपारी त्यांना जेवायला वाढलं. भात कालवून त्यांनी पहिला घास घेतला, हळूहळू चावला, गिळला, आणि थोडा वेळ थांबल्या. माझा हात पातेल्यावरच राहिला.

"आमटी छान झालीय गं," त्या म्हणाल्या. "अगदी नेहमीसारखी."

मी हो म्हटलं आणि त्यांना अजून एक वाटी वाढली.